पेल्टियर चिलर: पाणी थंड का होत नव्हतं

टीईसी1-12706 या पेल्टियर प्लेटा: वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम. अशा दोन प्लेटा थेट 12 व्होल्टवर लावल्या की पाणी सुरुवातीला गार होतं आणि मग तापू लागतं. दोष गरम बाजूचा. एक प्लेट सुमारे 60 वॉट वीज खाते. दोन्ही बाजूंत 30 अंशांचा फरक पडला की जेमतेम 30 वॉट उष्णता ओढते. म्हणजे हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) एका प्लेटमागे 90 वॉट! छोट्या पंख्याला ते झेपत नाही.

उपाय: चार प्लेटा घेतल्या, दोन-दोन सिरीजमध्ये (एकीमागे एक जोडून). प्रत्येकीला 6 व्होल्ट; वीज कमी, काम जास्त. गरम बाजूला वेगळा वॉटरब्लॉक (आतून पाणी खेळवणारा धातूचा ठोकळा), पंप आणि 240 मिमीचा रेडिएटर. प्लेट आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट पातळ, स्क्रू आलटून-पालटून थोडेथोडे आवळा, नाहीतर सिरॅमिक तडकतं.

रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) सतत चालू-बंद करू नका. बंद प्लेटमधून उष्णता उलटी पाण्यात येते, प्लेटमधले सोल्डरचे सांधेही थकतात. व्होल्टेजच कमी-जास्त करा.

खोलीत 30 अंश, 70 टक्के आर्द्रता असेल तर 24 अंशांखाली दव धरतं. पाणी 26 वर ठेवा. थंड ब्लॉक आणि नळ्यांवर एसीच्या पाइपचा काळा फोम. कडेला सिलिकॉन लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं टाळा, तांबं गंजतं.