लाडक्या विज्ञानमालिकेची कार्टून कॉमेडी करताय? या चुका टाळा

गेल्या वर्षी सांगलीच्या विश्रामबागेत एका मित्राच्या गच्चीवर पांढरी चादर टांगून आम्ही आमचं साडेतीन मिनिटांचं कार्टून वीसेक जणांना दाखवलं. अंतराळयान, त्यावरचे कर्मचारी, सगळी कॉमेडी. पोरं खिदळली. पुढं बसलेले एक निवृत्त सर मात्र हसले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "इंजिन बंद पडलं म्हणून तो गडी भडंग खात बसला ना? मग शेवटी यान पळालं कशावर?"

आमच्याकडं उत्तर नव्हतं. इंजिन आम्ही एका विनोदासाठी बंद पाडलं होतं आणि दुसऱ्या विनोदासाठी गुपचूप चालू केलं होतं.

बाकीच्या बऱ्याच चुका याच चुकीच्या पोटातून निघतात. ज्या मालिकेवर लोकांचा जीव असतो, तिचे नियम त्यांना पाढ्यांसारखे पाठ असतात. माणसाची फजिती करा, हवी तेवढी करा. यानाच्या नियमांची केलीत तर प्रेक्षक हसायचा थांबतो आणि हिशोब करायला लागतो.

'स्टार ट्रेक: लोअर डेक्स' बघा. 'स्टार ट्रेक' या जुन्या, गंभीर अमेरिकी अंतराळ-मालिकेवर बेतलेली माइक मॅकमॅहन यांची ही कार्टून कॉमेडी २०२० ते २०२४ चालली, पाच सीझन, पन्नास भाग. तिची नुसती सुरुवातीची नामावली बघितली तरी निम्मा धडा मिळतो. संगीत अगदी भारदस्त, गंभीर मालिकेला शोभेल असं. चित्रात मात्र यान मोठ्या लढाईच्या तोंडावर पोचतं, समोरचा प्रकार बघतं आणि सरळ मागं वळून पळ काढतं. पुढं एक अवाढव्य प्राणी इंजिनाला चिकटून बसलेला. संगीतकारानं एकही डोळा मिचकावलेला नाही. आमच्या कार्टूनमध्ये आम्ही दर पाच सेकंदांना 'टुंइंग' आवाज टाकला होता. कुणी विचारलं तर तो दुसऱ्याच ग्रुपनं टाकला असं सांगतो.

नायकालाच बावळट केलं

पहिला मोह हाच होतो. मूळ मालिकेतला धीरोदात्त कॅप्टन घ्यायचा आणि त्याला जिन्यावरून घसरवायचा. एकदा हसू येतं. दुसऱ्यांदा ज्याचा त्या कॅप्टनवर जीव आहे, त्याला राग येतो.

यावरचा तोडगा आपल्या तमाशात कधीचा आहे. आधी गण होतो, देवाला हात जोडून होतात, मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेली मावशी कृष्णाला काय काय बोलते, पेंद्या त्याची कशी फिरकी घेतो! तरी समोर बसलेल्या कुणालाही कृष्ण लहान झाल्यासारखा वाटत नाही, कारण हसू मावशी आणि पेंद्याच्या वाट्याचं असतं. तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव इथलेच, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. पेंद्या कुठं उभा करायचा हे शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही.

'लोअर डेक्स'नंही पेंद्याच शोधला. यानाचं नाव सेरिटोस. नव्या ग्रहाशी पहिला संपर्क दुसरं कुठलं तरी नामांकित यान करतं, हे यान दुसऱ्या संपर्काला जातं. म्हणजे मंत्री फीत कापून गेले, आता दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजायच्या, दोन कमी भरल्या की भांडायचं आणि बिलावर सही घ्यायची. त्यातही गोष्ट कॅप्टनची नाही, अगदी खालच्या हुद्द्यावरच्या चौघांची. वरचे अधिकारी आपापल्या जागी मोठेच राहतात, मालिकेचा मान तसाच राहतो आणि विनोदाला अख्खं तळघर मोकळं मिळतं. तुमच्या गोष्टीत खुर्च्या कोण मोजतंय ते आधी ठरवा. ते सापडेपर्यंत चित्र काढायला बसू नका.

बोलीलाच विनोद समजलो

आमचा कॅप्टन म्हणायचा, "आरं इंजिन चालू कर की लका!" लिहिताना आम्ही गडाबडा लोळलो. गच्चीवर पहिल्यांदा हशा आला, तिसऱ्या वाक्याला शांतता. सांगलीच्या माणसाला सांगलीच्या बोलण्याचं हसू कशाला येईल? तो दिवसभर तेच बोलतो. आणि लांबचा माणूस हसला तर तो आपल्यालाच हसतोय, हेही लक्षात घ्या. आता आम्ही सगळ्यांनाच आमच्यासारखं बोलायला लावलंय, परग्रहावरच्या पाहुण्यालासुद्धा. एकटा यानाचा कॉम्प्युटर स्टँडवरच्या घोषणेसारखं शुद्ध बोलतो: "कृपया प्रतीक्षा करावी." आता हशा तिथं येतो.

'ओळखलंत का?' छाप विनोद

जुन्या भागांतल्या खुणा पेरायला मजा येते, पण खूण ओळखता येणं म्हणजे विनोद झाला असं नाही. मूळ मालिका कधीच न पाहिलेल्या माणसाला दाखवून बघा. मी आमच्या आत्यांना दाखवलं. यानं, परग्रह, कशाचाच पत्ता नाही, पण ऑक्सिजन संपत आलेला असताना स्टोअरकीपर तीन प्रतींत मागणीपत्र मागतो तिथं त्या पदर तोंडाला लावून हसल्या. तो विनोद ठेवला. बाकी सहा काढले.

सगळंच हलवायला गेलो

सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला बारा चित्रं. साडेतीन मिनिटांची झाली दोन हजार पाचशे वीस. पाच जणांत, नोकऱ्या सांभाळून! आमचं पात्र बोलताना हात हलवायचं, ऐकताना मान हलवायचं, मागं दोघं उगाच फिरायचे. आठव्या आठवड्यात दोघांनी ग्रुप सोडला.

१९७३ची 'स्टार ट्रेक'ची पहिली ॲनिमेटेड मालिका कॉमेडी नव्हती, पण काटकसर तिच्याकडून शिकावी. फिल्मेशन कंपनीनं बावीस भाग काढले. तेच तेच शॉट फिरवून वापरले. यानाबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अंतराळ-पोशाख चितारत बसायला नको म्हणून कमरेला एक पट्टा दिला, अंगाभोवती पिवळट तेज दाखवलं, झालं काम. मूळ मालिकेतले नट जेम्स डूहान यांनी आपल्या पात्राबरोबर इतर कितीतरी पात्रांचे आवाज काढले. कॉमेडीत तर थांबणं फुकट मिळतं. साहेबांनी चुकीचं बटण दाबलंय, चेहरा पूर्ण स्थिर, दोन सेकंदांनी फक्त पापणी लवते. यात खर्च किती? तीन चित्रं.

आवाज घुमत असेल तर भिंतींना गाद्या लावा आणि पंखा बंद करा. मार्केट यार्डाजवळ राहत असाल तर हळदीचे ट्रक थांबल्यावर, रात्री रेकॉर्डिंग करा.

हक्कांचं नंतर बघू म्हटलं

नंतर बघू नका. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये खासगी वापर, टीका-समीक्षा अशा सवलती आहेत. विडंबनाचं नाव घेऊन दिलेली सूट तिथं नाही. 'स्टार ट्रेक'च्या मालकांनी २०१६मध्ये चाहत्यांनी बनवलेल्या फिल्मसाठी नियम काढले: एक गोष्ट पंधरा मिनिटांची, किंवा दोन भाग मिळून तीस, त्यापुढं नाही.

मालक स्वतः करत असले तरी भरवसा नसतो. 'स्टार वॉर्स' चित्रपट काढणाऱ्या ल्युकासफिल्म कंपनीनं 'स्टार वॉर्स डीटूर्स' या विनोदी ॲनिमेशन मालिकेचे ३९ भाग तयार करून ठेवले होते, २०१२मध्ये झलकही दाखवली. त्याच वर्षी कंपनी डिस्नेनं घेतली. नवे चित्रपट येण्याआधी कॉमेडी लावावी का, असा विचार सुरू झाला आणि भाग कपाटात गेले. आम्ही म्हणून यान, नावं, गणवेश सगळं स्वतःचं केलं. त्यात दोन महिने गेले, पण आता कुणाच्या पत्राची भीती नाही.

राहिलं सरांचं इंजिन. ते आता बंदच आहे. शत्रू मागं लागतो तेव्हा खालची पोरं मागचं दार उघडून भडंगाची पोती एकेक करून बाहेर फेकतात, म्हणजे यान पुढं सरकतं. न्यूटनचा तिसरा नियम. सरांना दाखवलं तर त्यांनी पाकिटाच्या मागं गणित मांडलं: यान पन्नास टन, पोतं दहा किलो, सेकंदाला पाच मीटर वेगानं फेकलेलं, चाळीस पोती. उत्तर आलं सेकंदाला चार सेंटीमीटर. मग आम्ही शत्रूचंही इंजिन बंद पाडलं. पाठलाग सध्या एकोणीस सेकंदांचा झालाय, आणि त्यात दोन्ही यानं मिळून एका वितीपेक्षा जास्त जागा बदलत नाहीत असं दिसतं. सर म्हणतात, "शत्रू काय फेकतोय ते दाखवा."