घरी बीपी मोजताना आणि वही लिहिताना

मी सातपूरला आशा म्हणून काम करते. कंपनीत जाणाऱ्यांची वस्ती हा माझा भाग. पूर्वी कुठल्याही घरात गेलं की बाळंतपण आणि लसीकरण एवढंच बोलणं व्हायचं. आता तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते आणि बीपी-शुगर तपासायला पाठवते. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि ३१ कोटींहून जास्त बीपीचे रुग्ण असल्याचा अंदाज निघाला. इतक्या लोकांचं बीपी दर वेळी दवाखान्यात कोण मोजणार? घरीच नीट मोजायला शिका.

मशीन दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या. लहान पट्ट्यावर आकडा उगाच वाढतो.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी काही नको. आमच्या एक मावशी पाण्याचा हंडा घेऊन जिने चढून आल्या. दम लागलेला, तोंडात मशेरी. म्हणाल्या, "घे गं पटकन, कुकर लावायचाय." वरचा आकडा आला १६८. मग चूळ भरायला लावली, लघवीला जाऊन या म्हटलं, खुर्चीत टेकून बसवलं. अर्ध्या तासाने १४६. तोही जास्तच, म्हणून त्यांना आरोग्य केंद्रावर नेलं. पण औषध ठरवायला डॉक्टरांना उपयोगी पडला तो हाच आकडा.

मांडी घालून बसू नका. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला आणि उघड्या दंडावर. पाच मिनिटं शांत बसायचं, मोजताना बोलायचं नाही. मिनिटभराने पुन्हा मोजा. पहिल्यांदा दोन्ही हातांचं बघा. ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे ठेवा. डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी मोजा. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर राहिली तर दाखवा. १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे लिहा. शेवटचा रकाना मात्र माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा: गोळी घेतली का? नाइट करून आलेला माणूस झोपतो, गोळी राहते. दवाखान्यात "घेतो ना" म्हणतो, आकडा चढलेला दिसतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. रकान्यात खरं लिहिलं तर गोळीची वेळ बदलून भागू शकतं. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी बंद करू नका, बीपी दुखत नाही.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. शुगर उतरून घाम, थरथर, गरगरणं झालं तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी शुगर बघा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच वही घेऊन सरकारी केंद्रावर या. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात.