मोटरहोमचं सर्व्हिसिंग आणि पासिंग : या चुका टाळा

द्राक्षांची तोड आटोपली, पोरांच्या परीक्षा उरकल्या, की आमच्या नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजला घरवाल्या गाड्या यायला लागतात. ट्रॅव्हलर व्हॅनच्या सांगाड्यावर पलंग, ओटा, संडास बसवलेल्या. मालक दार उघडून आधी पडदे दाखवतात, मग फ्रिज. मी तोवर खाली वाकून टायर बघत असतो. "भाऊ, ऑइल तेवढं बदला. परवा आरटीओचं पासिंग आहे." परवा!

गाडी चाललीच कुठे?

सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच. अहो, चाललेल्या गाडीपेक्षा उभी राहिलेली गाडी मला जास्त छळते. रबर कडक होतं, बॅटरी बसते, उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं.

या ब्रेक ऑइलपायी एकदा मीही माती खाल्लीय. गंगापूर रोडचे एक साहेब. तीन वर्षांत गाडी जेमतेम चार हजार किलोमीटर फिरलेली. मी म्हटलं, ब्रेक ऑइल बदलू. ते म्हणाले, "नव्यासारखी आहे हो, कशाला खर्च?" गिऱ्हाईक घाईत, मीही घाईत. राहू दिलं. चार दिवसांनी कसारा घाटातून फोन : पॅडल तळाला जातंय, ब्रेक लागत नाही.

जाऊन बघतो तर गाडी कडेला, चाकांना दगड, ब्रेक लायनरचा जळका वास शंभर पावलांवरून येतोय. गाडीत सहा माणसं, टाकी काठोकाठ, आणि साहेब अख्खा उतार चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरत होते. गिअर आणि हँडब्रेक लावून कशीबशी थांबवली म्हणे. आम्ही पोहोचेपर्यंत चाकं निवली होती आणि पॅडल पुन्हा घट्ट झालं होतं! साहेब म्हणाले, "झालं की नीट. निघू का?" मी चावी काढून खिशात घातली.

कारण साधं आहे. ताजं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही. ओल मुरली की तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. घाटात ब्रेक तापले की आत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पॅडल पोकळ लागतं. गार झालं की वाफ जिरते आणि सगळं ठीक वाटतं. धोका नेमका तिथेच आहे.

तेव्हापासून माझा नियम : दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, गाडी एक किलोमीटर चालली असो की पन्नास हजार. चारही चाकं उघडायची, ब्रेक सिलेंडरची रबरं बघायची, तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहायची. मागच्या वर्षीची फोडलेली बाटली वापरायची नाही. आणि ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. आता इगतपुरीपासून समृद्धीनं गेलं की कसारा टळतो, पण वणीचा गड कसा टाळाल?

टायरला पॉलिश

काळं कुळकुळीत पॉलिश मारून आणतात. मी बोटानं पुसतो आणि चिरा दाखवतो. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या वर हवी हे सगळ्यांना पाठ असतं, टायरचं वय कुणी बघत नाही. बाजूवर चार आकडे असतात : ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर मी घाटाच्या रस्त्याला जाऊ देत नाही, नक्षी कितीही असो. स्टेपनीचे आकडेही वाचा. ती बहुतेक आजोबांच्या वयाची निघते.

रिकामी गाडी दाखवायची, मग भरायची

ही माझी दुसरी डोकेदुखी. पासिंगला गाडी मोकळी, हलकी, शहाणी. दुसऱ्या दिवशी तिच्यात दोनशे लिटर पाणी, म्हणजे दोनशे किलो. दोन मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या शंभर किलोच्या पुढे. जनरेटर, सायकली, वर सासूबाईंचा पापडाचा डबा. आणि हे सगळं मागच्या चाकांच्याही मागे! मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, पुढचं टोक उचलतं, स्टिअरिंग हलकं लागतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मग लोक दिव्याचा फोकस खाली घ्यायला माझ्याकडे येतात. दुखणं दिव्यात नसतं.

सहलीला निघता तशी भरलेली गाडी एकदा ट्रकवाल्यांच्या काट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. आरसीवरच्या एकूण वजनाच्या वर गेलात तर सामान काढा. "जाड पाटे टाकून द्या ना भाऊ" म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. पाटे बदलून ना ब्रेक मोठे होतात, ना टायर.

कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मंजुरीशिवाय गाडीत मूळ नोंदणीशी न जुळणारा फेरफार चालत नाही. मोटर कॅराव्हॅन हा वेगळा प्रकार आहे आणि त्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. सुताराकडून पलंग ठोकून घेतला म्हणजे कॅराव्हॅन झाली नाही. आधी आरसी वाचा, मग सुताराला बोलवा. खासगी नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण. भाड्याने देण्यासाठी नोंदवलेली असेल तर ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दरवर्षी. "एजंट बघून घेईल" हे मला सांगू नका, घाटात तुमच्या शेजारी एजंट बसलेला नसतो.

बाकीच्या

गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. सिलेंडरच्या कप्प्यातलं खालचं भोक झुरळं येतात म्हणून बुजवू नका. नारिंगी पाइपवरचं साल वाचा, पाच वर्षांनी बदला. गळती साबणाच्या पाण्यानं बघा, काडीनं नाही.

रिफ्लेक्टर टेप पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. उरलेली कुठेही चिकटवू नका.

पीयूसी संपलेली असते. नेहमी.

गाडी पासिंगच्या निदान पंधरा दिवस आधी आणा. ट्रॅव्हलरचा एखादा पार्ट बाहेरून मागवावा लागला तर तेवढे दिवस जातात.

आणि तपासणीला नेताना आतलं सामान बांधा. मागे एकांची ब्रेक टेस्ट चालू होती. इन्स्पेक्टर साहेबांनी करकचून ब्रेक दाबला, तशी ओट्यावरची लोणच्याची बरणी थेट पुढच्या सीटला भेटायला आली. ब्रेक पास झाले. साहेबांच्या शर्टाचं काय झालं ते विचारायला आम्ही कुणी थांबलो नाही.