ऑनलाइन धंदा शिकायचाय? आधी एका पार्सलचा हिशेब शेवटपर्यंत लावा

सोलापुरातून शेंगाचटणी ऑनलाइन विकायचं काम मी सांभाळतो. चटणी मावशी आणि तिच्या सोबतच्या बायका करतात. फोटो, लिस्टिंग (साइटवरचं मालाचं पान), पॅकिंग, कुरिअर, पैसे आणि कागदपत्रं ही बाजू माझी. कॉमर्स झालेली मुलं-मुली, नोकरी सोडायच्या विचारात असलेले ओळखीचे, बचतगटातल्या ताया मला विचारतात, "हे शिकायचं कुठून? कोर्स कुठला करू?"

कोर्सच्या आधी एक गोष्ट करा, असं मी सांगतो. एक ऑर्डर घ्या, स्वतःची नसेल तर ओळखीच्या दुकानदाराची, आणि ती आल्यापासून पैसे बँकेत जमा होईपर्यंत तिच्या मागे फिरा. वाटेत कोणी किती कापलं ते लिहा. ऑनलाइन धंद्याचं व्यवस्थापन ज्याला म्हणतात, त्याचा मोठा भाग त्या एका कागदावर उतरतो. जाहिरात, ब्रँड, फॉलोअर हे सगळं नंतरचं.

समजा, २०० ग्रॅमची दोन पाकिटं मिळून ३०० रुपयांची ऑर्डर आली, कुरिअर आपल्याकडून. शेंगदाणे, तिखट, लसूण, कांडप आणि मजुरी मिळून १२० रुपये. पाउच, लेबल, बॉक्स, टेप २५. कुरिअर ६५. पेमेंट गेटवेचे (ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात पाठवणारी कंपनी) २ टक्के म्हणजे ६ रुपये, आणि त्या ६ रुपयांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी एक रुपया आठ पैसे. हातात राहिले ८३. आपल्या मालावरचा जीएसटी अजून यातच आहे. शिवाय ही ऑर्डर जाहिरातीतून आली असेल आणि एका ऑर्डरमागे जाहिरातीला १०० रुपये पडत असतील, तर विक्री होऊनही घरातूनच पैसे गेले. विक्रीचा आकडा रोज वाढताना पाहून खूश असलेले आणि महिनाअखेरीस खातं रिकामं का म्हणून विचारणारे लोक मी बघितलेत. त्यांच्याकडे मेहनत होती, माल चांगला होता. फक्त हा कागद नव्हता.

आता कुरिअरचे ते ६५ रुपये बघा, कारण नवख्या माणसाला सगळ्यात जास्त शिकवणारी जागा तीच आहे. बहुतेक कुरिअरवाले ५०० ग्रॅमचे टप्पे धरून पैसे लावतात. ५०० च्या वर थोडं जरी गेलं की पुढचा स्लॅब. त्यात नुसतं काट्यावरचं वजन चालत नाही. बॉक्सची लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि साधारणपणे ५००० ने भागायचं, म्हणजे आकारमानाचं वजन किलोत मिळतं. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. २० बाय १५ बाय १० चा बॉक्स घेतला तर ३००० भागिले ५०००, म्हणजे ६०० ग्रॅम. आत चटणी ४०० ग्रॅमच असली तरी तुम्ही पुढच्या स्लॅबमध्ये. उंची १० ऐवजी ८ केली की ४८० ग्रॅम, पहिल्याच स्लॅबमध्ये बसलात. दोन सेंटीमीटर पुठ्ठ्याचा हा फरक प्रत्येक ऑर्डरला लागू होतो.

म्हणूनच आमचं पाकीट २५० ग्रॅमचं नाही, २०० चं आहे. अडीचशेची दोन पाकिटं बॉक्ससकट ५०० च्या वर जातात. दोनशेची दोन घातली तर पुठ्ठा आणि टेप धरूनही आत राहतात. चार पाकिटांचा संच एक किलोच्या आत बसतो, आणि तीन पाकिटांनाही त्याच स्लॅबचे पैसे पडतात. मग आम्ही गिऱ्हाइकाला चारचा संच आवर्जून सुचवतो आणि त्यात त्यालाही थोडी सवलत देतो. पाकीट किती ग्रॅमचं करायचं हा प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो, पण ऑनलाइन विकताना त्याचं उत्तर कुरिअरच्या दरपत्रकात असतं.

माल नीट पोचणं हे वेगळंच शास्त्र आहे. शेंगाचटणी कुटली की तेल सुटतं, ती तिची खूणच आहे. सोलापुरातल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पण पुण्याहून एका काकूंचा फोन आला, "अहो, पाकीट आतून तेलकट झालंय, चटणी खराब आहे का?" मी म्हटलं, "नाही काकू, कुटलेल्या शेंगदाण्याचं ते तेल आहे. चमच्याने हलवून घ्या आणि भाकरीबरोबर खाऊन बघा." त्या परत मागवतात आता. तेव्हापासून लिस्टिंगमध्ये पहिल्या तीन ओळींत तेलाचं लिहिलेलं असतं, आणि हा प्रश्न जवळजवळ थांबला. गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते वर्णनात लिहायचं, या एका सवयीने लिस्टिंग जेवढी सुधारते तेवढी भारी फोटोंनीही सुधारत नाही.

तेल पाकिटातून बाहेर मात्र यायला नको. पाउच भरताना तोंडाशी चटणीचा एक कण किंवा तेलाचं बोट लागलं तरी सील तिथे धरत नाही. दिसायला ते बंद दिसतं, पण कुरिअरच्या गाडीत वर दहा किलोचं पार्सल आलं की तिथूनच फुटतं. म्हणून रुंद तोंडाच्या नरसाळ्याने भरायचं, पाउचची कड आतून कोरड्या कापडाने पुसायची, मग सीलिंग मशीनमध्ये घालायचं, आणि थंड झाल्यावर पाकीट दोन्ही तळव्यांत दाबून बघायचं. हे दाबून बघणं आमच्याकडे कोणी चुकवत नाही.

लेबलकडे नवखे लोक शोभेची वस्तू म्हणून बघतात. तसं करू नका. खाण्याचा पदार्थ विकायचा तर घरून करत असलात तरी एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची नोंदणी लागते, आणि तो १४ अंकी क्रमांक लेबलवर छापावा लागतो. घटक, शाकाहारी खूण, निव्वळ वजन, सर्व करांसहित एमआरपी, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल. शेंगदाणा ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांत मोडतो, त्यामुळे तो इशारा वेगळा द्यावा लागतो. आमच्या चटणीत शेंगदाणा आहे हे उघडच असलं तरी द्यावा लागतो. बॅच क्रमांकाचं महत्त्व एखादी तक्रार आली की कळतं. त्या दिवशीची बाकीची पाकिटं कुठे गेली हे पाच मिनिटांत सापडलं पाहिजे. शेंगदाणा जुना झाला की खवट होतो, तेव्हा आधी बनलेलं आधी जाईल अशीच रॅक लावायची.

कराच्या बाबतीत सोलापूरकरांना एक गोष्ट फार लवकर भेटते. मुंबई ४०० किलोमीटरवर आहे आणि विजापूर १०० वर, पण विजापूर कागदावर परराज्य. वस्तू राज्याबाहेर विकायच्या तर, हस्तकलेसारखे काही अपवाद सोडून, उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. राज्यातल्या राज्यात मोठ्या मार्केटप्लेसवरून (अनेक विक्रेत्यांचा माल एकाच ठिकाणी विकणारी साइट किंवा ॲप) विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून सवलत मिळाली. उलाढाल मर्यादेत असेल तर जीएसटी पोर्टलवरून नुसता एनरोलमेंट क्रमांक घेऊन सुरुवात करता येते. त्यामुळे आपलं गिऱ्हाईक कुठे आहे, हे आधी ठरवा. हैदराबाद, बंगळुरूतल्या मराठी आणि कानडी घरांत विकायचं असेल तर नोंदणी पहिल्या दिवसापासून धरा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंद, तीही करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

मार्केटप्लेसवर गेलात की सेटलमेंट रिपोर्ट नावाची फाइल मिळते, त्यात काय कापून किती पैसे दिले याचा हिशेब असतो. ती बहुतेक जण उघडतच नाहीत. उघडा, आणि एकेक रकाना समजेपर्यंत सोडू नका. कमिशन, ठरावीक फी, शिपिंग, परताव्याचे पैसे, आणि दोन छोटे रकाने, टीसीएस आणि टीडीएस, म्हणजे मार्केटप्लेसने तुमच्या पैशांतून आधीच कापून सरकारकडे भरलेला कर. जीएसटीचा टीसीएस जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, आयकराचा टीडीएस ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का. हे खर्च नाहीत, तुमच्या नावावर जमा झालेले पैसे आहेत. टीसीएस जीएसटी पोर्टलवर जाऊन स्वीकारावा लागतो, टीडीएस आयकराच्या विवरणपत्रात मागून घ्यावा लागतो. मागितले नाहीत तर ते तिथेच पडून राहतात.

कॅश ऑन डिलिव्हरीबद्दल माझं मत ठाम आहे. नाशवंत माल असेल तर सुरुवातीला ती ठेवू नका, ठेवलीच तर फोन करून खात्री केल्याशिवाय पार्सल बाहेर काढू नका. गिऱ्हाइकाने दारातून परत पाठवलं तर जाण्याचे ६५, येण्याचे जवळपास तेवढेच, पॅकिंगचे २५ गेले. शिवाय गाडीत किती दिवस, कुठल्या उन्हात होती हे माहीत नसलेली चटणी परत विकायची नाही, म्हणजे तेही १२० गेले. एका परतीत वरच्या हिशेबातल्या तीन ऑर्डरींचा नफा बुडतो. यूपीआय हाताशी असताना बहुतेक गिऱ्हाइकं आधी पैसे द्यायला तयार असतात. त्यांना तुमचा फोन लागतो आणि पलीकडून माणूस बोलतो, एवढी खात्री हवी असते.

तक्रार आली की पहिलं उत्तर त्याच दिवशी. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच आणि महिन्याभरात निवारण असं म्हटलंय, पण खाण्याच्या वस्तूला ४८ तास फार झाले. फुटलेल्या पाकिटाचा फोटो आला की आम्ही वाद घालत नाही, दुसरं पाठवतो.

हंगामाचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लावा. दिवाळीच्या आधी कुरिअरची गोदामं तुंबतात, म्हणून शेवटच्या ऑर्डरीची तारीख आधीच जाहीर करायची. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी पिकअपची गाडी आमच्या गल्लीत येत नाही आणि बायकाही कामावर येत नाहीत, येऊही नये. त्या दिवसांचा माल आधी तयार ठेवायचा आणि साइटवर तसं लिहायचं. पावसाळ्यात शेंगदाणे सादळतात, तेव्हा बॅच छोटी.

ज्यांना स्वतःचा धंदा नको, या क्षेत्रात नोकरी हवी, त्यांच्यासाठीही रस्ता हाच. ई-कॉमर्स एक्झिक्युटिव्ह, कॅटलॉग, ऑर्डर प्रोसेसिंग, पेमेंट जुळवणी अशी कामं आता सोलापूर, कोल्हापूर, इचलकरंजीतल्या कापडाच्या आणि मसाल्याच्या विक्रेत्यांकडेही असतात. एखाद्या विक्रेत्याकडे सणाच्या हंगामात पॅकिंगच्या टेबलावर उभं राहा, मग त्याच्याकडूनच एका महिन्याचा सेटलमेंट रिपोर्ट मागून घ्या आणि ऑर्डरनुसार एक्सेलमध्ये लावा. कुठल्या ऑर्डरीचे पैसे आलेच नाहीत, कुठे वजन जास्त धरून कुरिअरने जादा कापले, हे शोधा. वजनाच्या वादात काट्यावर ठेवलेल्या पार्सलचा आणि मोजपट्टी लावून मोजलेल्या बॉक्सचा फोटो पुरावा म्हणून चालतो, त्यामुळे तो पाठवण्याआधीच काढायची सवय लावा. मुलाखतीला जाताना ती एक्सेल फाइल सोबत न्या, मात्र गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर त्यातून आधी काढून टाका.