लिंबची विहीर, मेणवलीची घंटा आणि पाचगणीचं चर्च: साताऱ्याहून एका दिवसात

कास, पाचगणी आणि प्रतापगड एकाच दिवसात उरकायला निघालेली माणसं दिवसभर गाडीतच बसतात. त्यापेक्षा वाईची दिशा धरा: लिंब, वाई, मेणवली, पाचगणी. कासला वेगळा दिवस द्या.

सकाळी आठच्या आत सातारा सोडा. पुण्याच्या दिशेला साधारण १५ किलोमीटरवर हायवेवरून आत वळलं की लिंब. बारा मोटांची (बैलांनी ओढायच्या चामडी पोहऱ्यांची) विहीर गावाबाहेर शेतात आहे, रस्ता गावात विचारून घ्या. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली, तसा शिलालेखही तिथे आहे. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. बरेच जण वरून डोकावून, फोटो काढून परततात आणि मुख्य गोष्ट चुकते. पायऱ्या उतरून आतल्या कमानीखाली उभं राहा, मग डोक्यावरचा छोटा महाल लक्षात येतो. त्यानंतर वर येऊन मोटांची थारोळी, म्हणजे मोटेचं पाणी पडायची जागा, बघा, म्हणजे एका वेळी बारा मोटा कशा चालत असतील ते कळतं. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं. झिजलेल्या तळव्याची चप्पल नको.

वाईत ढोल्या गणपती. रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाला वळसा घालून मागची भिंत नक्की बघा. कृष्णेचा पूर दुभागून बाजूने निघून जावा म्हणून ती माशासारखी निमुळती केली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नदी चढलेली असेल तर घाटावर उतरू नका.

मेणवली तिथून जेमतेम ३ किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे, तेव्हा आधी परवानगी आणि तिकिटाचं विचारा, परस्पर आत शिरू नका. घाटावर मेणेश्वराजवळच्या छोट्या देवळीत टांगलेली घंटा चर्चची आहे: १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी तिच्यावर कोरलेली दिसते. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या घंटा आणल्या, त्यांपैकी ही एक. घंटा वाजवायचा मोह आवरा. अक्षरं नीट दिसत नसतील तर मोबाइलचा टॉर्च बाजूने, तिरका धरा. समोरून उजेड टाकला की उठाव सपाट दिसतो.

जेवण वाईतच उरका. शनिवार-रविवारी पसरणी घाटात आणि पाचगणी बाजारात गाड्या तुंबतात, भुकेली मुलं सोबत असली तर मग बघायलाच नको. चढताना सिडनी पॉइंटला थांबलात तर धोम धरण खाली दिसतं. पाचगणीचं सेंट पीटर्स चर्च शांतपणे बघायचं तर रविवारची सकाळ टाळा, तेव्हा प्रार्थना असते. दार बंद असेल तर आवारात विचारा. हे थंड हवेचं ठिकाण वसवणाऱ्या जॉन चेसन यांची कबर याच चर्चच्या दफनभूमीत आहे. कबरींवर बसू नका, फुलं तोडू नका.

पाचगणीचं टेबल लँड पठार वेळ उरला तरच.

कासच्या पठारावर फुलं बघायला ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जा. प्रवेशाचं बुकिंग आधी करा, सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी मिळेल या भरवशावर निघू नका. जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो; पाय पडला की फुलासोबत कंद आणि बीही चिरडतं, त्यामुळे आखलेली वाट सोडायची नाही.

पाचगणीहून परतताना पसरणी घाट उजेडात उतरा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये राहा, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडू नका. जळका वास आला तर गाडी कडेला घेऊन ब्रेक आपोआप निवू द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं तर ती वाकते किंवा तडकते.