बर्लिन ते म्युनिक गाडीने: ए-९ वर काय पाळायचं, कुठे थांबायचं

बर्लिनहून म्युनिकला ट्रेनने चार-साडेचार तासात पोचता येतं, पण जर्मनीत नवीन आलेल्या प्रत्येकाला मी सांगतो की एकदा तरी ए-९ या हायवेने गाडी घेऊन जा आणि त्यासाठी अख्खा दिवस ठेवा. जेमतेम ५३० किलोमीटरचा रस्ता, कारला टोल नाही, आणि या देशाचे दोन तुकडे होऊन परत जुळले ते बघायला याच्यासारखा रस्ता नाही.

आधी नियम. गाडी कायम उजव्या लेनमध्ये, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि झाला की लगेच परत उजवीकडे यायचं. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मिळेल त्या बाजूने घुसायची सवय असेल तर ती घरी ठेवून या, इथे ते जिवावर बेतेल. बऱ्याच पट्ट्यात स्पीड लिमिट नाही, १३० फक्त सुचवलेला आकडा आहे, त्यामुळे आरशात ठिपक्याएवढी दिसणारी गाडी डोळ्याची पापणी लवेपर्यंत तुमच्या मागे असते. पेट्रोल संपून गाडी बंद पडली तर दंड होऊ शकतो, म्हणून आधीच भरा, आणि हायवेवरच्या पंपापेक्षा एक्झिट घेऊन बाहेरच्या पंपावर बरंच स्वस्त मिळतं.

आणि ट्रॅफिक हळू झालं की लगेच, सायरन ऐकू यायची वाट न बघता, सगळ्यात डावी लेन डावीकडे सरकते, बाकीच्या सगळ्या उजवीकडे, मधे ॲम्ब्युलन्ससाठी वाट मोकळी होते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, पुढे ब्रेकचे लाल दिवे लागले आणि शेकडो गाड्या कोणी न सांगता दोन बाजूंना सरकल्या. तुम्हीपण सरका.

आता वाटेतलं. देसाऊच्या दक्षिणेला रस्ता अगदी सरळसोट आहे, हा पट्टा १९३८ मध्ये मुद्दाम वेगाचे रेकॉर्ड करण्यासाठी बांधला होता, तेव्हा मधे डिव्हायडर नव्हता आणि पुलांना मधले खांबही नव्हते. १९३९ मध्ये रेसिंग ड्रायव्हर काराचिओलाने तिथे मर्सिडीज ताशी जवळपास ४०० ने पळवली होती. लायपझिगपाशी श्कॉयडिट्झचं जंक्शन लागतं, युरोपातल्या पहिल्या क्लोव्हरलीफपैकी (चार पाकळ्यांसारखे वळणरस्ते असलेल्या जंक्शनपैकी) एक.

पण खरं थांबायचं ते साधारण निम्म्या वाटेवर, हिर्शबर्ग-रुडॉल्फस्टाइनला. इथे दोन जर्मनींची बॉर्डर होती. साले नदीवरचा दगडी कमानींचा पूल १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच उडवला आणि तो परत सुरू व्हायला १९६६ उजाडलं, म्हणजे एकवीस वर्षं एवढा मोठा हायवे नदीकाठी येऊन तुटलेला होता आणि लोक आजूबाजूच्या रस्त्यांनी वळसा घालून जायचे. पुढे पश्चिम बर्लिनचे लोक इथून बव्हेरियाला जायचे तेव्हा मधल्या पूर्व जर्मनीच्या हद्दीत लिमिट १०० चं, ठरलेला रस्ता सोडून एका गावात डोकावायचीही परवानगी नाही. एक्झिट घेऊन खाली उतरा आणि नदीकाठून त्या कमानींकडे वर बघा, आता वरून ट्रक न थांबता जात असतात. वेळ असेल तर वाट वाकडी करून म्योडलारॉयटला जा, एका ओढ्यावरून दोन देशांत वाटलं गेलेलं छोटंसं गाव, भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. सोबत मुलं असतील तर नक्कीच जा.

त्यानंतर म्युन्शबर्ग. रस्ता पूर्वी इथे खोलगट भागात उतरायचा आणि तिथे धुकं साचायचं. १९ ऑक्टोबर १९९० ला धुक्यात गाड्यांवर गाड्या आदळल्या आणि १० माणसं गेली. नंतर तो खोलगट भाग पुलाने ओलांडला आणि धुकं आलं की स्पीड कमी करायला सांगणारे बोर्ड लावले. बोर्डवर ८० दिसलं आणि समोर लख्ख ऊन असलं तरी ८० वरच या, पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते बोर्डला माहीत असतं.

न्यूर्नबर्गनंतर ट्रॅफिक वाढतं. इंगोलश्टाट म्हणजे ऑडीचं गाव, आपल्या संभाजीनगरला जोडल्या जातात त्याच ऑडी. पुढे होलेडाऊचे हॉप्सचे (बिअरला लागणाऱ्या वेलींचे) मळे, उन्हाळ्यात उंच तारांवर चढलेले हिरवेगार वेल दोन्ही बाजूंना. शुक्रवारी संध्याकाळी मात्र इथून जाऊ नका, म्युनिकपर्यंत गाड्यांची रांग असते. सकाळी सातला बर्लिन सोडलं तर तो पूल आणि म्योडलारॉयट अशा दोन्ही ठिकाणी आरामात थांबूनही अंधार पडायच्या आत म्युनिकच्या वेशीवरच्या फ्रोटमानिंगचं फुगवलेल्या फुग्यासारखं फुटबॉल स्टेडियम दिसायला लागतं, गाडी तिथल्या पार्किंगला लावा आणि पुढे शहरात मेट्रोने जा.