टोकियोत मित्र आहेत? मग तयारी जरा वेगळी करा

टोकियोत ओळखीचं माणूस आहे म्हटल्यावर आपण आधी तिकीट काढतो आणि मग त्याला कळवतो. क्रम उलटा ठेवा. तिथल्या नोकरदार माणसाचे शनिवार-रविवार बरेच आधी भरलेले असतात. त्यामुळे तारखा पक्क्या करण्याआधीच विचारा की या आठवड्यात एक अख्खा दिवस आणि एखादी संध्याकाळ जमेल का. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा, म्हणजे 'गोल्डन वीक' हा सुट्ट्यांचा आठवडा, आणि ऑगस्टच्या मध्यावरचा ओबोन हा पितरांचा सण टाळलेला बरा. तेव्हा मित्रच गावी निघालेले असतात आणि हॉटेलं महाग झालेली असतात. 'जरा अवघड आहे' असं उत्तर आलं तर ते 'नाही' समजा, पुन्हा गळ घालू नका.

मित्राच्या निमंत्रणावर व्हिसा काढायचा तर निमंत्रणपत्र लागतं, आणि खर्च तो उचलणार असेल तर हमीपत्रही. त्याच्यासाठी ती कागदांची धावपळच असते. हॉटेल घेऊन साधा पर्यटक व्हिसा काढणं दोघांनाही सोयीचं, असं माझं मत. शिवाय तिथली घरं लहान असतात.

आता मुख्य काम. बघायच्या जागांची यादी करा आणि तिचे सरळ दोन भाग पाडा. जे एकट्याने जमतं त्यात मित्राचा दिवस घालवू नका. असाकुसाचं सेन्सोजी मंदिर, 634 मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा, शिबुयाचा चौक, उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय (सोमवारी सहसा बंद) हे सगळं तुमचं तुम्ही करा. पहिल्याच दिवशी यामानोते मार्गाच्या गाडीत बसून एक पूर्ण फेरी मारा. 30 स्थानकं, साधारण तासाभराचं वर्तुळ. शहराचा नकाशा डोक्यात बसतो. मित्रासाठी ठेवायच्या त्या त्याच्याशिवाय न उघडणाऱ्या गोष्टी: हाताने लिहिलेल्या जपानी मेनूची छोटी इझाकाया (पिण्या-खाण्याचा अड्डा), फोनवर जपानीतच बुकिंग घेणारं हॉटेल, त्याच्या गल्लीतलं सार्वजनिक स्नानगृह, यानाका या जुन्या वस्तीतला एखादा निवांत फेरफटका. 1923चा भूकंप आणि 1945ची बॉम्बफेक यांतून यानाकाचा बराच भाग वाचला, म्हणून जुनं टोकियो तिथे अजून पायाखाली येतं. 'काय बघू?' असं मोघम विचारण्याऐवजी 'तू रविवारी सकाळी कुठे जातोस?' असं विचारा, उत्तरं फार वेगळी मिळतात.

तुमच्याकडूनही त्याला काही मिळालं पाहिजे. उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या देवळात बेन्झाइतेन आहे, ही देवी म्हणजे आपली सरस्वती. तिथे त्याला घेऊन जा आणि वीणा, हंस, शाळेतलं पाटीपूजन हे सांगा. शिंजुकूच्या नाकामुराया हॉटेलात 1927पासून भारतीय पद्धतीची करी मिळते, ती क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे. एकत्र जेवायला याहून चांगलं निमित्त कुठलं!

जेवणाची तयारी शाकाहाऱ्यांनी मनावर घ्यावी. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, कारण मिसो सूपपासून सोबा नूडल्सच्या सॉसपर्यंत सगळीकडे दाशी, म्हणजे उकळून काढलेलं चवीचं पाणी, असते, आणि ती बहुतेक वेळा माशाची. मासे, माशाचं पाणी, मांस, अंडं यांपैकी काय चालतं आणि काय नाही ते मित्राकडून निघण्याआधीच जपानीत लिहून घ्या आणि फोनमध्ये फोटो ठेवा. बौद्ध मठांतलं शोजिन र्‍योरी हे जेवण शाकाहारी असतं, पण बुकिंग आधी करावं लागतं. अगदीच घरची आठवण आली तर निशिकासाई गाठा. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. तो भाग एदोगावा प्रभागात येतो, आणि 2019मध्ये त्याच प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले होते. तुमचे मित्र तिथले मराठी असतील तर काय आणू ते विचारा. गोडा मसाला आणि मेतकूट अशी उत्तरं येण्याची शक्यता दाट.

भेटवस्तू न्यायचीच. छोट्या वेगवेगळ्या पाकिटांतली, टिकाऊ, फार गोड नसलेली चीज उत्तम. बाकरवडी चालून जाते. चार नगांचा संच मात्र नको, तो आकडा तिथे अशुभ. हापूसची पेटी विसरा. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ यांवर कडक निर्बंध आहेत. औषधांची चिठ्ठी सोबत ठेवा, आणि कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दी-खोकल्याची औषधं नेण्याआधी नियम तपासा.

भेटायची जागा ठरवताना 'शिंजुकू स्टेशन' एवढंच म्हणू नका. त्या स्थानकाला दोनशेच्या वर दरवाजे आहेत. कोणत्या रेल्वे कंपनीची लाइन, कोणतं गेट, हे लिहून घ्या. शिबुयाचा हाचिको या कुत्र्याचा पुतळा सोपा वाटतो, पण अर्धं शहर तिथेच वाट बघत उभं असतं. पाच मिनिटं आधी पोचा. लाइन हे मेसेजचं ॲप इथूनच सुरू करून न्या, कारण मित्र बहुधा त्यावरच बोलतील. गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात आणि पहाटे पाचच्या आसपास सुरू होतात. मित्र शेजारच्या साइतामा किंवा चिबाकडे राहत असेल तर दहानंतर 'अजून थोडं बसूया' म्हणण्याआधी त्याची शेवटची गाडी विचारा.

किरकोळ गोष्टी: सुइका कार्ड (गाड्यांसाठी आधी पैसे भरून ठेवायचं) आणि थोडी रोकड, नाण्यांसाठी छोटं पाकीट, बिल सहसा वाटून भरतात, म्हणून सुटे येन हवेतच. पासपोर्ट कायम जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. चपट्या दोन पिनांचा अडॅप्टर घ्या. वीज तिथे 100 व्होल्टची, तेव्हा चार्जरवर काय छापलंय ते वाचा. कचऱ्याचे डबे रस्त्यावर फारसे सापडत नाहीत, म्हणून एक रिकामी पिशवी ठेवा. आणि सहज काढता-घालता येणारे बूट, भोकं नसलेले मोजे. घरांत आणि जुन्या खानावळींत बूट दारातच काढावे लागतात.